लाल थंड, निळा गरम

घर बघायला गेलो तेव्हा निखारेकाकांनी आम्हाला सगळ्यात आधी बाथरूम दाखवलं. हॉल नाही, स्वयंपाकघर नाही, थेट बाथरूम. मे महिना होता. स्टेशनवरून रिक्षाने येईपर्यंत माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं होतं आणि पंख्याखाली जरा टेकू देतील एवढीच माझी माफक अपेक्षा होती. काका मात्र नळांसमोर जाऊन उभे राहिले, लाल टिकलीच्या नळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे लाल. याच्यातून थंडं येते. हे निळं, याच्यातून गरम. ध्यानात ठेवजो, नाई तं भाजशीन.”

माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, माझ्याकडे पाहिलं. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती म्हणून आम्ही साताऱ्याहून बिऱ्हाड उचलून इथे आलो होतो. दुसरं घर बघू या, असं त्याचे डोळे म्हणत होते. मी मात्र जन्माची चौकस. “काका, उलटं ना?” असं विचारलं. “उलटं नाई वं. उन्हाळा आहे,” काका म्हणाले. एवढ्याने माझं समाधान व्हावं अशी त्यांची अपेक्षा दिसली. मी हट्टाने निळा नळ सोडला, हात खाली धरला आणि किंचाळून मागे घेतला.

त्यातली गोम पुढे महिनाभराने माझ्या डोक्यात शिरली. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात भाजून निघते, त्यामुळे साध्या, निळ्या नळाला कढत पाणी येतं. उन्हाळ्यात गिझर अर्थातच बंद. पण काका भल्या पहाटे, टाकी जरा निवलेली असताना, गिझरमधलं शिळं पाणी सोडून देत आणि त्यात नवं भरून घेत. ते त्या जाड पोटात, बाथरूमच्या सावलीत, दिवसभर गार राहायचं आणि लाल नळाला यायचं. “जे भांडं गरम पाणी गरम ठेवते, ते थंडं पाणी थंडं काहून नाई ठेवणार?” काकांनी घर बघायच्या दिवशीच विचारलं होतं. या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही ते घर भाड्याने घेतलं. आम्ही खाली, काका-काकू वर, आणि दोन्ही बाथरूमच्या खिडक्या एकाच बोळात उघडणाऱ्या. त्यामुळे वरचं बोलणं खाली ऐकू येई आणि बहुधा खालचंही वर जात असावं.

निखारेकाका मूळचे उमरेडचे. घरात हातमाग होता, पण यांनी मागाचा धोटा हाती धरला नाही. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले आणि बॉयलरपाशीच निवृत्त झाले. आडनाव निखारे, नोकरी बॉयलरवर आणि निवृत्तीनंतरचा ध्यास गिझरचा. मी एकदा यावरून त्यांना चिडवलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, “जिंदगीभर पाणी तापवलं, मेघा. नदीच्या नदी तापवली असन. पण त्याच्यानं कोणाची आंघोळ झाली का? वाफ झाली अन् उडून गेली.”

त्यांचा मुख्य सिद्धान्त असा, की पाणी मुरावं लागतं. लोणचं मुरतं तसं. “गरम केलेलं पाणी अलग अन् गरम पाणी अलग,” ते सांगत. “गरम केलेलं अंगाले लागते. मुरलेलं अंगात जाते.” म्हणजे गिझर तापवायचा, बंद करायचा आणि पाण्याला आत निवांत पडू द्यायचं. त्यासाठी त्यांनी गिझरला गोधडी बांधली होती. गिझरपासून नळापर्यंतच्या पाइपाला काकूंच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या चढवल्या होत्या, कारण उष्णता पळून जाते ती म्हणे पाइपातूनच. आमच्याही पाइपाला एक पोपटी बाही मिळाली. पाहुण्यांना तिचं कारण सांगताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

हे सगळं एकवेळ समजून घेतलं असतं, पण सिद्धान्त टिकेल तर ना. आम्ही शिस्तीत तापवून बंद करायला लागलो, तेव्हा एके दिवशी काका खाली आले आणि म्हणाले, “बंद काहून केलं? पुन्हा पुन्हा थंड्यापासून तापवणं बरं नाई. कमीवर ठेवायचं अन् चालूच ठेवायचं.” प्रशांतने इंटरनेटवर वाचून काहीतरी आकडेमोड करून दाखवली, की घरात कोणी नसताना चालू ठेवणं म्हणजे नुसती नासाडी. काकांनी सगळं ऐकून घेतलं. “बरोबर आहे गा तुहं,” ते म्हणाले, “पण माहं बी बरोबर आहे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा गिझर बंद केला आणि आम्हाला विचारलं, “तुमचा चालू आहे न?” आपण नक्की काय करायचं हे त्या घरात राहिलो तोवर आम्हाला कळलं नाही. तरी पाणी गरम मिळायचं हे खरं.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी काकू होत्या. आम्ही यायच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावं अंग गेलं. नुसतं हलेनासं झालं असं नाही, त्या बाजूला गरम-थंडही कळेना. त्यांना रोज आंघोळ काका घालत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. स्टुलावर बसवायचं, बादलीभर पाणी काढायचं, पहिला तांब्या उजव्या पायावर ओतायचा आणि विचारायचं, “बरोबर?” काकू म्हणत, “हौ.” मग पुढची आंघोळ. बोळातून रोज सकाळी हे आमच्याकडे ऐकू यायचं. प्रश्न एक शब्दाचा आणि उत्तर त्याहून लहान.

या ‘हौ’ने मला फार छळलं. आमच्याकडे हो म्हणजे हो. नागपुरात हौ म्हणजे हो, बरं, ऐकलं, पुढे बोला, आता पुरे, आणि कधीकधी चक्क नाही. भाजीवाला हौ म्हणतो आणि कोथिंबीर देत नाही. त्यात काकू हौ सोडून दुसरं बोलतच नसत. झटक्याने जीभ जड झाली म्हणून, असं मला आधी वाटलं. पण काका म्हणाले, लग्न झालं तेव्हापासून असंच आहे. “माह्या मायले हौ, मले हौ, पोरीले हौ. अख्ख्या जिंदगीत हे बाई कोणाले नाई म्हणली नाई.” हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला नवल वाटे आणि काकूंचा थोडा रागही येई.

काका-काकूंची एकुलती मुलगी वैशाली काटोलला दिलेली. संत्र्यांच्या दिवसांत ती बसने पिशव्या भरभरून संत्री आणायची आणि प्रत्येक वेळी तोच विषय काढायची. आंघोळीला एक बाई ठेवा, नाहीतर दोघंही काटोलला चला. “बाबा, तुम्हीच घसरून पडले तं आईले कोण पाहीन?” तिचं चूक नव्हतं. काकांचं उत्तर ठरलेलं असे. “ज्या दिवशी माहं पाणी चुकन, त्या दिवशी बाई ठेव. तोवर बोलू नोको.” वैशाली चिडून संत्री सोलायला घ्यायची. आणि मला कळायचं, की या माणसाला दिवसभरात खरं काम असं एवढं एकच उरलं आहे आणि तेही पाण्यावर लिहिलेलं आहे.

आता त्या टिकल्यांबद्दल सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात लाल नळ गार आणि निळा कढत, हे आम्हाला पाठ झालं. पण आल्यागेल्याचं काय? म्हणून काकांनी एक प्रथाच पाडली होती. अक्षय तृतीयेला ते सुरीच्या टोकाने नळांवरच्या लाल-निळ्या टिकल्या काढत आणि अदलाबदल करून बसवत. मग उन्हाळाभर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार, जगात असतं तसं. आम्ही पहिल्यांदा घर बघायला गेलो, त्या वर्षी खालच्या टिकल्या बदलायच्या राहून गेल्या होत्या, एवढंच. पोळा झाला की टिकल्या पुन्हा आपापल्या मूळ जागी. त्यांच्या घरी पोळ्याला बैल नव्हते, टिकल्या होत्या. काका हे काम इतक्या गांभीर्याने करत, की मी एकदा हळदकुंकू आणू का असं विचारलं. “आण न,” काका म्हणाले.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात काका भलतेच खुशीत दिसायला लागले. “मीटर पाय, मेघा,” ते मला जिन्याखाली नेऊन दाखवत. “गोगलगाय झालं आहे. थंडी वाढून राहिली अन् मीटर थांबून राहिलं. मुरवलेल्या पाण्याचा फायदा आहे हा.” मी गोंधळले. आमचं मीटर तर घोड्यासारखं पळत होतं, आणि पोपटी बाही आमच्याकडेही होतीच. प्रशांत म्हणाला, काकांचं मीटर बिघडलं असेल. मला वाटलं, आमचं पाणीच मुरत नसेल.

त्याच दिवसांत काकूंच्या हाताला हात लागला की तो बर्फासारखा गार लागायचा. आंघोळीनंतर त्या उन्हात बसत, शालीवर शाल, तरी उजव्या दंडावर काटा असायचा. मी विचारलं, “काकू, थंडी वाजते?” काकू म्हणाल्या, “हौ.” मी विचारलं, “पाणी गरम होतं ना?” काकू म्हणाल्या, “हौ.” आता यातलं कुठलं खरं धरायचं?

डिसेंबरातल्या एका सकाळी काकांनी मला वर हाक मारली. काकूंच्या स्टुलाचा पाय लचकला होता, आणि दुसरं स्टूल आणेपर्यंत काकूंना धरून उभं राहायला कुणीतरी हवं होतं. बादली भरलेली होती. मी सहज तिच्यात हात बुडवला. पाणी गार होतं. कोमटही म्हणता येणार नाही असं. मी तोंड उघडणार एवढ्यात काका स्टूल घेऊन आले, पहिला तांब्या उजव्या पायावर ओतला, “बरोबर?” असं विचारलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ज्या पायावर काटा उभा राहिला त्या पायाची मालकीण स्वच्छ आवाजात म्हणाली, “हौ.” आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट खाली आले.

दुपारी काका औषधं आणायला गेल्यावर मी वर गेले. काकूंना एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शब्द जड होते, पण एकेक करून त्यांनी ते सगळे खाली ठेवले.

“सांगू नोको वं त्यायले. त्यायच्या हाताले समजत नाई आता. शुगर आहे न. तवा उचलला, बोटं भाजले, मी बोंबलली तवा त्यायले समजलं. पाण्यात कोपरापर्यंत हात घालते, पण समजत काहीच नाई. मी नाई म्हणलं तं काय करतीन? पुन्हा हात घालतीन. पुन्हा नाई समजणार. मंग वैशाली बाई ठेवीन. अन् हा माणूस मंग दिवसभर काय करीन? गिझरकडे पाहत बसीन?”

“काकू, पण तुम्ही गारठताय. डिसेंबर आहे.”

“थंड्या पाण्यानं कोनी मरत नाई.”

“आणि उद्या गार पाण्याऐवजी कढत आलं तर? तुमच्या डाव्या अंगाला तर कळणारही नाही. तेव्हाही हौच म्हणणार?”

काकूंनी अंगावरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, “हौ.” हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की संभाषण संपल्याची खूण, देव जाणे.

मी त्यांच्या बाथरूममध्ये गेले. काय झालंय ते तरी बघू, म्हणून दोन्ही नळ सोडले. दोन्हींना गारच पाणी, कारण काकांनी गिझर आदल्या दिवसापासून बंद ठेवला होता, मुरायला. चालू केला आणि वाट बघितली, तेव्हा निळ्यातून वाफ यायला लागली. हिवाळ्यात निळ्यातून! मी तिथे उभी राहून महिने मोजले. आता लाल गरम असायला हवा. की निळा? पोळा झाला, म्हणजे टिकल्या मूळ जागी. मूळ जागा म्हणजे कुठली? शेवटी खाली येऊन आमचे नळ बघितले, तिथे लाल टिकली गिझरच्या नळावर होती, तेव्हा उलगडलं. दिवाळीत काकांनी वरच्या नळांवरचा बोअरच्या पाण्याचा पांढरा खार घासला होता. तेव्हा टिकल्या काढल्या आणि परत बसवताना उन्हाळ्यासारख्या बसवल्या. तेव्हापासून ते बिचारे लाल बघून बादलीभर गार पाणी काढत होते आणि वरून निळ्यातलं तांब्याभर गरम घालत होते, पाणी निवावं म्हणून! म्हणून मीटर थांबलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही, आणि काकांना काय सांगायचं ते काही केल्या सुचेना.

मला सुचायची वेळच आली नाही. दुसऱ्याच सकाळी वैशाली पहिल्या बसने आली आणि आई आंघोळीला बसलेली पाहून सरळ बादलीत हात घातला. तिचा आवाज बोळातून खाली आला तसे आम्ही दोघंही वर धावलो.

“बाबा, हे पाणी थंडं आहे! कवापासून आईले अशी आंघोळ घालून राहिले तुम्ही?”

काकांनी बादलीत हात घातला. कोपरापर्यंत. बराच वेळ तसाच ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेत प्रश्नच वाचता येत नसलेल्या मुलासारखा झाला होता. मग त्यांनी काकूंना विचारलं, “बरोबर नाई आहे?”

“हौ,” काकू म्हणाल्या. आता हा हौ कुठला, हे तिथल्या एकालाही कळलं नाही.

“आई खोटं बोलते,” वैशाली म्हणाली. “तुमचे भाजलेले बोटं मी मागच्या खेपेले पाहिले. तुमच्या हाताले समजत नाई, हे तिले माहीत आहे. म्हणून बोलत नाई.”

“मले बी माहीत आहे न हात गेले म्हणून!” काका एकदम ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. “म्हणूनच तं रोज तिले इचारतो. मले वाटलं, तिच्या अंगाले समजते, ते सांगीन. मी तिच्या भरोशावर होतो.”

नळ ठिबकत होता. वैशालीने डोळे पुसले आणि काकूंच्या खांद्यावर टॉवेल घातला. “झालं ते झालं. माह्या ओळखीची एक बाई आहे. उद्यापासून ते येईन. ठीक आहे न, आई?”

काकूंनी टॉवेल उजव्या हाताने घट्ट धरला. ओठ हलले, पण शब्द लवकर बाहेर येईना. आम्ही सगळे त्या ठरलेल्या हौची वाट बघत होतो.

“नाई,” काकू म्हणाल्या.

“काय?” वैशालीने विचारलं.

“नाई. बाई नाई पायजे.”

काकांनी ओल्या हाताने दाराची चौकट धरली. ते काकूंना म्हणाले, “हे मले म्हण. इथं बसून मले म्हण न. पाणी चुकलं का मले नाई म्हण. बाकी जिंदगीभर कोणाले म्हणू नोको.”

बाई आली नाही, पण वैशालीने अटी घातल्या. मेकॅनिक बोलावून गिझरच्या आतला तापमानाचा काटा इतका खाली आणला, की एकट्या त्याचं पाणी अंगावर घेतलं तरी भाजू नये. काकांच्या मुरवण्याला या खालच्या काट्यानेही बाध आला नाही. उलट कमी तापवलेलं जास्त मुरतं, असा नवा सिद्धान्त आठवडाभरात तयार झाला. मी सगळा घोळ सांगितल्यावर लाल-निळ्या टिकल्या तिने काढून टाकल्या. आणि तांब्या ओतायच्या आधी काकूंनी स्वतःचा उजवा हात बादलीत घालायचा, असं ठरलं. ठरवणं सोपं होतं. बोळातून आम्हाला ऐकू येई, “बरोबर?” काकूंच्या तोंडात सवयीने हौ आलेला असणार आणि त्या तो गिळत असणार. “घाई नाई,” काका म्हणत, “इचार कर अन् सांग.” पहिला नाई आला त्या दिवशी काकांनी खिडकीतून आम्हाला ओरडून कळवलं होतं.

पुढे त्या नाईची चटकच लागली. “बरोबर?” “नाई.” “आता?” “नाई.” “अवं आता तं बरोबर असन!” “नाई!” कधी पाणी खरंच चुकलेलं असे, कधी नुसताच न्याय होत असे, इतक्या वर्षांच्या हौचा. त्यातला खरा नाई कुठला आणि लटका कुठला, हे मला ओळखता येत नसे. काकांना येत असावं. कारण मधूनच ते हसत आणि म्हणत, “आता मस्करी करून राहिली तू.”

प्रशांतची बदली झाली आणि आम्ही पुन्हा मे महिन्यातच नागपूर सोडलं. खाली ट्रकमध्ये सामान चढत होतं. नमस्कार करायला मी वर गेले तर आंघोळ चालू होती, म्हणून बाहेरच थांबले. मला रडू यायला लागलं होतं. साताऱ्याला गेल्यावर मला इतकं गोंधळात टाकणारी माणसं कुठे भेटणार होती? काकांनी नळ सोडला. उन्हाळ्याचे दिवस, टिकल्या नाहीत, आणि कुठल्या नळाला काय येईल याचा नेम नाही.

“बरोबर?”

पाण्यात हात बुडल्याचा आवाज आला. मग काकूंचा, ठणठणीत, “नाई!”

दार उघडलं. काका ओल्या बाह्यांनी बाहेर आले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी खाली वाकत होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. चेहरा असा फुलला होता, की घरात काही शुभ घडलंय असं वाटावं.

“आइकलं का वं, मेघा?” ते म्हणाले. “नाई म्हणते!”